चौदा किलो निवांतपणा

लॉर्ड हाउ हे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे 600 किलोमीटर दूर, उपोष्ण कटिबंधात वसलेले चंद्रकोरीच्या आकाराचे बेट आहे. मध्यमवयीन जोडप्यांचा शिणवटा घालवण्याच्या कामी ते येते. लांबी साधारण 11 किलोमीटर, रुंदी जिथे सर्वांत जास्त तिथे अडीच-तीन किलोमीटर. कायमची वस्ती चारशेच्या आतबाहेर आणि एका वेळी बेटावर राहू शकणाऱ्या पर्यटकांची मर्यादाही 400. म्हणजे दर रहिवाशामागे एक पाहुणा. मे महिन्यातल्या कोकणातल्या घरांशी हे प्रमाण ताडून पाहिले, की इथल्या शांततेचे मूळ कळते.

शांतता इथे निसर्गतः आढळत असली तरी ती चालवली जाते नियमांनी. रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी 25 किलोमीटर आहे. मोबाइलचा टॉवर नाही. 1982 पासून बेट जागतिक वारसा यादीत आहे, आणि काही नवे बांधायचे तर बेटाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाची परवानगी लागते. एवढे नियम ज्या गोष्टीसाठी केले आहेत ती आयती मिळत असताना तिचे काय करायचे, हा प्रश्न पर्यटकाला पहिल्या दुपारपासून पडतो.

या नोंदीतले जोडपे सिडनीत वीसेक वर्षे काढलेले मराठी जोडपे होय. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, बायको हिशेबखात्यात, मुलगी युनिव्हर्सिटीत. दोघांपैकी एकाची रक्तदाबाची गोळी सुरू झाली की 'आता कुठेतरी शांत ठिकाणी जाऊ या' हा विषय निघतो, आणि शांत ठिकाण शोधण्यात पुढचे तीन महिने अशांततेत जातात. सिडनीहून बेटापर्यंतचा प्रवास दोन तासांच्या आसपासचा असला तरी तिकीट एवढे महाग पडते, की त्या पैशांत भारताची एक फेरी झाली असती हा हिशेब बायको एकदा करते. हिशेबखात्यातली असल्यामुळे तो बरोबर असतो. मग तो विषय पुन्हा निघत नाही, पण विसरलाही जात नाही.

बेटावरची धावपट्टी 900 मीटरही भरत नाही. त्यामुळे विमान लहान आणि पंख्याचे, आणि सामानाला माणशी 14 किलोंची मर्यादा. सुट्टीचा खरा आरंभ इथून, म्हणजे न्हाणीघरातला वजनकाटा दिवाणखान्यात आणल्यापासून होतो. बेटावरचे वाणसामान मुख्य भूमीवरून पंधरवड्याला जहाजाने येते हे बायकोने वाचलेले असते. म्हणून दीड किलो थालिपिठाची भाजणी, एक किलो चिवडा, मेतकूट आणि लोणच्याची बरणी या वस्तू पोहण्याच्या कपड्यांच्या आधी बॅगेत जातात. नवऱ्याच्या बॅगेत सायकलचे साखळीकुलूप असते. वजन एक किलो दोनशे ग्रॅम.

"तिथे कुलपं लागत नाहीत म्हणतात," असे बायको सांगते.

"म्हणतात," असे नवरा म्हणतो, आणि काट्यावर बॅग ठेवून पायाच्या अंगठ्याने तिला किंचित आधार देतो, म्हणजे आकडा चौदावर येतो.

बेट सर्वप्रथम नजरेस पडले ते 1788 मध्ये, 'सप्लाय' या ब्रिटिश जहाजावरच्या लेफ्टनंट हेन्री लिजबर्ड बॉल याच्या. त्याआधी इथे माणूस राहिल्याची खूण नाही. बॉलने बेटाला लॉर्ड हाउ या आरमारी वरिष्ठाचे नाव दिले आणि स्वतःच्या नावाचे दोन वाटे केले. एका डोंगराला 'लिजबर्ड' लावले आणि तिथून 23 किलोमीटरवर समुद्रातून सरळ उभ्या असलेल्या, साडेपाचशे मीटरहून उंच सुळक्याला 'बॉल'. वरिष्ठाला मोठे नाव देऊन उरलेले आपल्याकडे ठेवण्याची ही रीत कचेऱ्यांतून अजून चालू आहे. पर्यटक मात्र नाव द्यायच्या भानगडीत पडत नाही. तो तुलना करतो. मराठी जोडप्याला गाड्या नसलेला रस्ता दिसला की "अगदी आपलं माथेरान" हे वाक्य उच्चारले जाते, आणि खाडीचे निळे पाणी दिसले की तारकर्ली. एवढा समुद्र ओलांडून आल्यावर हे कळते, हेही काही थोडे नाही.

बेटाची वेळ हा स्वतंत्र विषय आहे. हिवाळ्यात बेटाचे घड्याळ सिडनीच्या अर्धा तास पुढे असते. उन्हाळ्यात सिडनीतले लोक घड्याळ एक तास पुढे करतात तेव्हा हे बेट फक्त अर्धा तास करते, आणि सिडनीशी जुळून येते. असे करणारे जगात दुसरे ठिकाण नाही. परिणामी मे महिन्यात बेट भारताच्या बरोबर पाच तास पुढे असते. आयुष्यभर साडेचार आणि साडेपाच तासांच्या वजाबाक्या केलेल्या अनिवासी माणसाला ही सरळ पाच तासांची वजाबाकी हीच खरी विश्रांती वाटते. मुक्कामाच्या ठिकाणी वायफाय असतो, त्यामुळे संध्याकाळी सहाला, म्हणजे नाशकात दुपारी एकला, आईंचा व्हिडिओ कॉल लागतो.

"काय काय बघितलंत?"

"काही नाही आई, निवांत बसलोय."

"काहीच नाही? मग एवढ्या लांब गेलात कशाला?"

या प्रश्नाला उत्तर नाही. ते मिळवण्यासाठीच दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम आखला जातो.

कार्यक्रमातली पहिली गोष्ट म्हणजे नेड्स बीच. इथे गुडघाभर पाण्यात उभे राहिले की हातभर लांबीचे मासे पायांशी येऊन घोटाळतात. किनाऱ्यावरच्या छपराखाली पोहण्याचे चष्मे आणि माशांचे खाणे ठेवलेले असते. शेजारी पैसे टाकायची पेटी. पाहायला कोणी नसते. नवरा दोन्ही बाजूंना बघतो, छपराच्या मागे जाऊन येतो, कॅमेरा शोधतो. तो पैसे चुकवणारा माणूस नाही, पण आपण पैसे दिले हे कोणीच पाहिले नाही तर दिल्याचा उपयोग काय, असा त्याचा पेच असतो. अखेर बायको मोबाइलवर पेटीत नाणे टाकतानाचा फोटो काढते. सायकलचे कुलूपही याच किनाऱ्यावर पहिल्यांदा वापरले जाते. रांगेत उभ्या वीसेक मोकळ्या सायकलींमध्ये साखळी बांधलेल्या दोन सायकली लांबून ओळखू येतात.

याच किनाऱ्यावर बेटाच्या इतिहासातली सर्वांत वाईट घटना घडली. जून 1918 मध्ये 'मकाम्बो' नावाचे जहाज इथे खडकाला लागले, आणि ते दुरुस्त होईपर्यंत त्यावरचे उंदीर बेटावर उतरले. काही वर्षांत बेटाबाहेर कुठेच न आढळणाऱ्या पाच जातींचे पक्षी नाहीसे झाले. उंदरांचा नायनाट करण्यासाठी घुबडे आणली गेली, तर त्यांनी उंदरांबरोबर उरलेले पक्षीही खाल्ले. शेवटी 2019 मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिषे टाकून आणि घराघरांत पेट्या ठेवून उंदीर संपवावे लागले. त्या काळात वुडहेन नावाच्या, उडता न येणाऱ्या पक्ष्यांना धरून खुराड्यांत ठेवले होते. 1970 च्या दशकात हे पक्षी तिसाच्या आसपास उरले होते. 2021 मध्ये पुन्हा दोन उंदीर सापडले तेव्हा बेटावर धावपळ झाली. आता कुत्रे आलेला माल हुंगतात. पर्यटक ज्या शांततेचे पैसे मोजतो तिच्यामागे एवढी दगदग आहे; तो स्वतः मात्र खुर्चीत पडल्या पडल्या "इथे काही होतच नाही" असे म्हणतो.

उंदरांनी संपवलेल्यांत एक तळहाताएवढा काळा काटकिडा होता. 1920 च्या सुमारास तो नामशेष झाला असे समजले जाई. 2001 मध्ये बॉलच्या सुळक्यावर, जिथे धड उभे राहायला जागा नाही, तिथे एका झुडपाखाली त्याच्या जातीचे चोवीस किडे सापडले. 2003 मध्ये त्यातल्या दोन जोड्या मुख्य भूमीवर नेण्यात आल्या. एक मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात गेली; तिला ॲडम आणि ईव्ह अशी नावे मिळाली, ईव्ह मरता मरता वाचली, आणि आज तिचे हजारो वंशज आहेत. दुसरी जोडी सिडनीला नेली. ती दोन आठवड्यांत मेली. कारणाची चर्चा बरीच होऊ शकते, पण सिडनीत राहणाऱ्यांना ती लांबवण्याची गरज वाटत नाही. या किड्यांत नर रात्री मादीच्या अंगावर आपले तीन पाय टाकून झोपतो, असे पाळणाऱ्यांनी नोंदवले आहे. बेटावरच्या संग्रहालयातली ही माहिती बायको मोठ्याने वाचते तेव्हा नवरा केंटिया पामची पाटी वाचत असतो. हे झाड मूळ याच बेटावरचे. कमी उजेडात जगते म्हणून एकोणिसाव्या शतकापासून दिवाणखान्यांसाठी जगभर गेले. आपल्या ऑफिसच्या रिसेप्शनशी कुंडीत उभे असलेले झाड तेच, हे त्याच्या लक्षात येते आणि थोडी सुट्टी तिथेच वाया जाते.

चौथ्या दिवशी गोवर डोंगर. उंची 875 मीटर, येऊन-जाऊन आठ-नऊ तास, परवानाधारक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. "कळसूबाई 1646 आहे," असे नवरा आदल्या रात्री दोनदा सांगतो. त्यातली मेख अशी, की कळसूबाई चढणारा बारी गावातून निघतो आणि ते गावच समुद्रसपाटीपासून बरेच वर आहे. गोवर चढणारा समुद्राला पाठ करून निघतो. शिवाय कळसूबाईला शिड्या आहेत, इथे दोर. पहिल्याच दोराशी, खाली समुद्र दिसत असताना, कळसूबाईचा उल्लेख बंद होतो.

माथ्यावर बहुधा ढग असतो. त्या ढगात शेवाळलेल्या ठेंगण्या झाडांचे जंगल आहे आणि जमिनीतल्या बिळांत प्रॉव्हिडन्स पेट्रेल हा समुद्रपक्षी हिवाळ्यात घरटे करतो. या पक्ष्याची एक खोड जगजाहीर आहे : कोणी मोठ्याने ओरडले की तो कुतूहलाने आकाशातून थेट ओरडणाऱ्याच्या पायाशी पडतो. नॉरफोक बेटावर 1790 मध्ये उपाशी वसाहतवाल्यांनी लाखाच्या वर पेट्रेल अशाच सहज धरून खाल्ले, आणि दैवकृपेने अन्न मिळाले म्हणून पक्ष्याला हे नाव दिले. त्या कृपेत पक्ष्याचा वाटा काय, हे नाव देणाऱ्यांनी विचारात घेतलेले दिसत नाही. लॉर्ड हाउवर मात्र तो टिकला. वाटाड्या पर्यटकांना ओरडायला सांगतो. गोरे लोक संकोचून हुऽऽ असे काहीतरी करतात. नवरा पुढे कड्याशी फोटो काढत असतो. मागे राहिलेली बायको पाण्याची बाटली त्याच्या पिशवीत आहे हे आठवून हाक मारते :

"अहोऽऽ!"

एक करडा पक्षी धपकन तिच्या बुटांजवळ येऊन पडतो. "अहो, ऐकलंत का!" दुसरा येतो. तिसऱ्या हाकेला त्यातला एक तिच्या पायावरच चढून मान वर करून बघू लागतो. नवरा अजून कड्याशीच असतो. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच हाकेला इतका तातडीचा प्रतिसाद मिळाल्यामुळे बायको बाटलीचे विसरते. खाली उतरेपर्यंत ती कोणालाच हाक मारत नाही.

शेवटच्या दिवशी परतीसाठी पुन्हा वजन. भाजणी संपलेली, चिवडा अर्धा, तरी नवऱ्याची बॅग भरते सव्वा पंधरा किलो. ओल्या कपड्यांचे आणि समुद्राच्या मिठाचे वजन कुठल्याच हिशेबात धरलेले नसते. काहीतरी काढायचे तर सगळ्यात जड वस्तू कुलूप. नवरा ते खोलीतल्या पलंगाखाली नकळत राहिल्यासारखे ठेवतो. जोरदार वाऱ्यामुळे त्या दिवशीचे विमान रद्द होते आणि निवांतपणा चोवीस तासांनी वाढतो. तो वेळ दोघेही फोनवर विमान कंपनीची माहिती पाहत खुर्च्यांवर बसून काढतात.

सिडनीला पोचल्यावर तीन आठवड्यांनी टपालाने एक जाड पाकीट येते. आत साखळीकुलूप, आणि घरमालकिणीची चिठ्ठी : हे तुमच्या खोलीत राहिले होते, बेटावर कोणाला विचारावे तर हे कशासाठी असते हेच कोणाला सांगता येईना. टपालखर्च कुलपाच्या किमतीएवढाच आलेला असतो. बायको तो वहीत 'सुट्टी' या सदराखाली लिहून ठेवते.