कॅनोलीचा ठसका

आम्हा नंदुरबारकरांना पुणं लांब आणि सुरत जवळ. लग्नाचा बस्ता सुरतेचा, पाहुण्यांच्या पिशवीतली घारी सुरतेची, आणि ‘आपल्याकडे असलं काही मिळतच नाही’ हा सुस्कारासुद्धा सुरतेहून परतणाऱ्या गाडीतच शिकलेला. इटलीची मिठाई मात्र कुठल्याही गाडीनं आमच्याकडे आली नव्हती. ती आली होळीच्या आधी, माझ्या भाचीबरोबर, पुण्याहून सुटणाऱ्या बसनं.

भाची हॉटेल मॅनेजमेंट शिकते. सुट्टीत आजोळी आलेल्या पोरीनं दुपारपर्यंत लोळावं, आजीशी भांडावं आणि जाताना पापड-कुरडयांचे डबे न्यावेत अशी साधी अपेक्षा असते. हिनं चहा संपायच्या आत जाहीर केलं, “मामी, आपण कॅनोली करू या. चॉकलेटवाली.”

सिसिली बेटावरचा हा पदार्थ. मैद्याची पातळ पारी नळीवर गुंडाळायची, नळीसकट तळायची, मग नळी ओढून काढायची आणि मागे उरलेल्या खुसखुशीत पुंगळीत रिकोटा भरायचा. रिकोटा म्हणजे मेंढीच्या दुधाचं मऊ चीज, साखर घालून फेटलेलं. टोकांना पिस्त्याची भरड नाहीतर पाकवलेली संत्र्याची साल. पूर्वी हा प्रकार कार्निव्हलच्या दिवसांतच व्हायचा. ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास सुरू होण्यापूर्वी लोक तळलेलं, गोड, जे काय असेल ते खाऊन घ्यायचे. म्हणजे साधारण आमच्या होळीचाच सुमार. भाचीला हा पदार्थ भेटला ‘गॉडफादर’ या १९७२ च्या सिनेमात. त्यात एक माणूस गाडीतच मुडदा पाडवून निघतो, पण बायकोनं सांगितलेलं कॅनोलीचं खोकं न्यायला विसरत नाही. सिनेमातलं बाकीचं काही आमच्या घरात पटलं नाही. बायकोनं सांगितलेलं आणणारा नवरा तेवढा मला आवडला.

सासूबाई शेंगा निवडत ऐकत होत्या. जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, तरी पत्ता सांगताना त्या अजून ‘जिल्हा धुळे’ म्हणतात. नवीन गोष्ट पटायला त्यांना इतका वेळ लागतो. त्यांनी भाचीच्या मोबाइलवरचं चित्र लांब धरून पाहिलं.

“हाई काय शे?”

“पुंगळी, आजी. आत नळी घालून तळायची, मग नळी काढून टाकायची.”

“काढीच टाकनी शे ते घालनी कसाले?”

हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नसावं.

नळी हाच पहिला अडसर. स्टीलच्या नळ्या मागवता येतात, पण आमच्या पिनकोडवर त्या रंगपंचमी उलटल्यावर येतील असं दिसत होतं. भाचीची नजर घरभर फिरली आणि चुलीमागच्या फुंकणीवर थांबली. चूल आता वर्षातून दोनदा पेटते, पण फुंकणी जागची हललेली नाही. सासूबाईंनी काही न बोलता ती उचलून मांडीखाली घेतली. विषय संपला.

मग बांबू. हे ऐकून भाची हिरमुसली. तिला वाटलं आपल्या इटालियन मिठाईचं आता टोपलं होणार. खरं तर सिसिलीतल्या बायका पूर्वी बोरूच्याच कांड्यांवर ही पारी गुंडाळत, स्टील फार नंतर आलं. आमच्या यांचं त्याच आठवड्यात कामानिमित्त धडगावला जाणं होतं आणि तिथे भोंगऱ्या बाजार भरलेला होता. होळीआधीचा हा सातपुड्यातला बाजार म्हणजे ढोल, नवे कपडे, डाळ्या, साखरेचे हार-कंगन आणि नुसता माणसांचा पूर. त्या पुरात आमचे हे बोटाएवढ्या जाडीचा बांबू शोधत फिरले. विकणाऱ्यानं विचारलं, पावरी करायची का? पावरी म्हणजे आमच्याकडचं आदिवासी वाद्य. हे म्हणाले, नाही, गोड पदार्थ करायचाय. त्यानं यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पैसे कमी घेतले.

बांबू कापला सासूबाईंच्या देखरेखीखाली. कांडीला दोन्हीकडून आरपार भोक हवं. पेर मध्ये राहिलं तर आतली हवा आणि ओल तापून उकळत्या तेलात फटाका होतो. कापलेल्या नळ्या कडक उन्हात वाळवल्या, त्यांना तेल चोळलं. आमच्याकडे मार्चातलं ऊन असल्या कामाला कधी नाही म्हणत नाही.

आता मैदा. मूळ कृतीत मैदा, थोडी साखर, कोको, डुकराची चरबी आणि मार्साला नावाची वाइन. चरबीच्या जागी तूप आलं. भाचीनं मला डोळ्यानं गप्प केलं आणि चरबीचा उल्लेखच आजीपर्यंत पोचू दिला नाही. राहिली वाइन. ती कुठे मिळेल यावर आमच्या यांनी अनपेक्षित उत्साह दाखवला. मी त्यांना नवापूरची आठवण करून दिली. आमच्याच जिल्ह्यातलं हे रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर एक बाक तर असा, की मधोमध राज्याची हद्द. या टोकाला बसून वाइनमध्ये मैदा मळला तर ती पाककला, आणि परात तशीच त्या टोकाला सरकवली तर दारूबंदीचा गुन्हा. इतकी जोखमीची कणीक घरात नको, असं ठरलं.

पण पिठात काहीतरी आंबट लागतं. आंबटानं मैद्याचा चिवटपणा मोडतो आणि पारी खुसखुशीत होते. सिसिलीत वाइन नसेल तर व्हिनेगर घालतात. आमच्याकडे धडगाव-अक्कलकुव्याकडचा आमचूर होता, डबा भरून. तो कोमट पाण्यात भिजवला, फडक्यातून गाळला आणि त्या पाण्यात मैदा घट्ट मळला. भाचीनं बोट चाटलं, डोळे मिटले आणि वहीत ‘व्हिनेगर’ खोडलं.

भिजवलेलं पीठ तासभर मुरू दिलं. मग लाटणं. “पारी एवढी पातळ हवी की खालची अक्षरं दिसली पाहिजेत,” भाचीनं बजावलं. सासूबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. या बाई उमेदीत खापराचे मांडे करायच्या. पुरण भरलेली लाटी दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची, फाटू न देता. त्यांना पातळपणाची व्याख्या सांगणं म्हणजे तापीला वाट दाखवणं. त्यांनी पहिली पारी लाटली आणि भाचीच्या वहीवर पसरली. खाली भाचीचं अक्षर दिसत होतं. शुद्धलेखनाची चूकसुद्धा दिसत होती.

सारणाचं वेगळंच रामायण झालं. मेंढीचं दूधच हवं, असा भाचीचा हट्ट. पाऊस संपला की आमच्या भागात ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन शेताशेतात उतरतात, म्हणून यांनी एका वाड्यावर चौकशी केली. उत्तर मिळालं, कोकरांनाच पुरत नाही, तुम्हाला कुठून देऊ. रास्त होतं. शिवाय रिकोटा दुधाचा थेट होत नाही. चीज काढून उरलेलं पाणी पुन्हा जवळजवळ उकळीला आणतात, त्यात उरल्यासुरल्या प्रथिनांच्या कवड्या वर येतात, त्या गोळा करतात. उरलेल्या पाण्यातून मिठाई काढणारा माणूस मुळात काटकसरी, त्यामुळे मला सिसिलीबद्दल एकदम आपुलकी वाटली. आम्ही म्हशीचं दूध लिंबानं फोडलं आणि रात्रभर पंच्यात टांगून ठेवलं. पाणी राहिलं तर पुंगळी मऊ पडते, हे इटलीचं भय. श्रीखंडाच्या चक्क्यापायी तेच भय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बाळगून आहोत. सकाळी तो कोरडा गोळा पिठीसाखरेत मिसळून चाळणीतून घासायचा, असं कृतीत होतं. सासूबाईंनी कपाटावरून पुरणयंत्र काढलं. दोन फेऱ्यांत सारण लोण्यासारखं खाली उतरलं. भाचीनं त्या यंत्राचे चारी बाजूंनी फोटो काढले, म्हणाली सरांना दाखवते.

तळण मात्र बघण्यासारखं झालं. पारीची गोल चकती नळीवर गुंडाळायची आणि जिथे कड कडेवर येते तिथे अंड्याचा पांढरा बलक लावायचा, असं शास्त्र. आमच्याकडे मैद्याची खळ लागली. नळी कढईत सोडली की आधी बुडते, मग वर येते आणि तिच्या अंगावर फोड उठायला लागतात, लहान, मोठे, एकावर एक. करंजीवर असे फोड आले तर आपण करणारीकडे संशयानं पाहतो. कॅनोलीत हेच फोड म्हणजे पदवी. सासूबाई पहिल्या फोडांना बघून झारा घेऊन धावल्या होत्या. त्यांना परत बसवावं लागलं. बांबू तापला की कढईतून होळीचा वास येतो हे मात्र कुठल्याही इटालियन पुस्तकात नसेल.

आता चॉकलेट. माझी समजूत अशी की चॉकलेट म्हणजे पोरीबाळींचा लाड. तसं नाही. वितळलेलं चॉकलेट पुंगळीच्या आतून फिरवलं की त्याच्या स्निग्धांशाचा पातळ थर बसतो आणि सारणाची ओल कडेला लागत नाही. म्हणजे गच्चीला वॉटरप्रूफिंग करतात तेच. भाचीनं कडू चॉकलेटची मोठी वडी आणली होती. कोकोचं लोणी तेहतीस-चौतीस अंशांना वितळतं आणि बस धुळ्याच्या पुढे आली की तेवढं तापमान बॅगेच्या आत असतंच, त्यामुळे वडी घरी पोचली ती भाचीच्या बुटाचा ठसा घेऊन.

चॉकलेट ढवळत असतानाच बाहेरून वारा आला आणि सगळं घर खोकायला लागलं. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर हंगामात लाल मिरची वाळत पडलेली असते, नजर पोचेल तिथपर्यंत. वारा फिरला की गाव एकत्र ठसकतं आणि मग पुन्हा कामाला लागतं. त्या ठसक्यात मला सुचलं. मी चार सुक्या मिरच्यांची देठं नि बिया काढल्या, तव्यावर भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या आणि वस्त्रगाळ करून चिमूट चॉकलेटमध्ये टाकली.

“मामी! हे इटालियन नाही.”

आहे की. सिसिलीतच मोदिका नावाचं गाव आहे. तिथलं चॉकलेट फार न तापवता घोटतात, त्यामुळे साखरेचे कण दाताखाली करकरतात. २०१८ साली त्याला युरोपात भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात दालचिनी घालतात, मिरचीही घालतात. ही रीत मेक्सिकोची. तिथे स्पॅनिश लोक पोचण्याआधीपासून कोकोचं कडवट पेय मिरची घालून पीत. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी कोको युरोपात नेला, सिसिली तेव्हा त्यांच्याच ताब्यात. मिरची पोर्तुगीज गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली, आणि पुढे आपण ती अशी काही आपली केली, की नंदुरबारची मिरची मूळची नंदुरबारची नाही हे इथल्या बाजार समितीत मोठ्यानं बोलायची माझी हिंमत नाही. तर हे दोघे एकाच गावचे, पाच शतकांपूर्वी ताटातूट झालेले, आमच्या ओट्यावर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात भेटले. हिंदी सिनेमात अशा वेळी दोघांच्या दंडावर सारखं गोंदण निघतं.

भाचीनं चाटून पाहिलं. आधी कडू, मग गोड, आणि घशाशी पोचल्यावर उशिरा आलेला ठसका. तिनं वहीत काही लिहिलं नाही. चमचा पुन्हा बुडवला.

पुंगळ्या ऐन वेळी भरायच्या असतात. भरून ठेवलेली कॅनोली मऊ पडते आणि सिसिलीत म्हणे असं दुकान लोक ओलांडून जातात. संध्याकाळी शेजारच्या गुजर काकू आल्या, यांच्या ऑफिसमधले दोघं आले. पिशवीनं सारण भरून, टोकांना शेंगदाण्याचा कूट लावून ताटं फिरली. पिस्ता पाहुण्यांपुरता होता, पण पाहुणे जास्त निघाले. काकूंनी पहिल्या घासालाच सगळा भुगा पदरात पाडून घेतला आणि म्हणाल्या, आमच्या घुगऱ्यालाच, म्हणजे करंजीलाच, लांब केलंय. ऑफिसवाल्यांपैकी एकानं ठसका लागल्यावर पाणी मागितलं आणि पाण्याबरोबर अजून एक कॅनोली.

सासूबाईंनी आपली संपवली, बोटं पुसली आणि हिशेब मांडला. आमचूर धडगावचा, बांबू सातपुड्याचा, दूध आमच्या म्हशीचं, यंत्र पुरणाचं, मिरची दारातली. साखर? मी सांगितलं, उसाची साखर आपल्याकडूनच पश्चिमेला गेली, आणि सिसिलीत ऊस नेला तो अरबांनी.

“मंग येनामा त्यासनं काय शे?”

भाची विचारात पडली. बराच वेळ. मग म्हणाली, “आजी, मधली पोकळी.”

हे मात्र सासूबाईंना एकदम पटलं. पटलं म्हणजे किती, ते दुसऱ्या दिवशी कळलं. उरलेल्या मैद्यात त्यांनी साखर, कोको काही न घालता ओवा चोळला, बांबूवर पुंगळ्या तळल्या आणि त्यात वांग्याचं भरीत भरलं, वर कच्चा कांदा नि लसणीचं तिखट. आमचे हे ताटावरून उठेनात. भाची कळवळून म्हणाली, “आजी, याला कॅनोली नाही म्हणता येणार.”

सासूबाईंनी तिच्या ताटात आणखी दोन वाढल्या. “खाय ना. इटलीथून कोन यी ऱ्हायना देखाले?”