टीव्ही पाठीमागून बघावा

कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्यात जुलैमध्ये टीव्ही बघता येतो, ऐकता येत नाही. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मालिकेतल्या सासूचं तोंड तेवढं हलताना दिसतं. ती काय बोलली हे आई अंदाजाने ठरवते, आणि आईचा अंदाज मालिकेच्या लेखकापेक्षा जहाल असतो. त्यामुळे आमच्या घरी साउंडबार पावसाळी सामानात मोडतो.

जुना टीव्ही गेला, नवा आला. जेमतेम दोन बोटं जाडीचा. एवढ्याशा अंगात मोठे स्पीकर मावत नाहीत. जे मावतात त्यांची तोंडं खाली नाहीतर मागे. म्हणजे पैसे आपण मोजायचे आणि संवाद भिंतीने ऐकायचे. साउंडबार मात्र जुना नि ठणठणीत. त्याच्या वायरीला लाल-पांढऱ्या पिना. आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी ही जोडणी ऐंशी वर्षांहून जुनी. पिना हातात धरून टीव्हीची पाठ चाचपली, तर लाल-पांढरी भोकं गायब! हेडफोनचंही नाही. होत्या त्या एचडीएमआयच्या खाचा आणि एक इवलंसं चौकोनी झाकण. झाकण ढकललं तर आत लाल उजेड.

"आत दिवा जळतोय बघ. बंद कर, बिल येईल," आई म्हणाली. शंभर मीटरहून उंच सुपा धरण आमच्याच तालुक्यात, त्याच्या पाण्यावर वीज होते. पण बिलाची धास्ती आणि करंट जाणं आम्हालाही चुकलेलं नाही.

पुण्याच्या भाच्याला फोन लावला. आमच्याकडे रेंज अंगणातल्या फणसाखाली आणि टीव्ही माजघरात. मी फणसाखाली छत्री धरून, आई उंबऱ्यावर, धाकटा टीव्हीमागे. "मामा, आधी ब्लूटूथ लावून बघा," भाचा म्हणाला. लावलं. सुनेच्या गालावर थप्पड बसली, ती रडायला लागली, आणि मग थपडेचा आवाज आला.

"मग ऑप्टिकलची वायर आणा."

मी ओरडलो, "ऑप्टिकल!" आईने आत कळवलं, "चष्म्याची वायर शोध म्हणतोय!"

तो लाल उजेड म्हणजेच ऑप्टिकल. तोशिबाने 1983 साली ही पद्धत काढली. आवाज उजेडाच्या रूपात धावतो. पण टीव्ही बोलणार डिजिटल, आमचा बार समजणार अ‍ॅनालॉग. मध्ये कन्व्हर्टर नावाची डबी लागते. तहसील कचेरीबाहेर बसून आपलं मराठी गाऱ्हाणं कन्नड अर्जात उतरवून देणारा माणूस असतो ना, तेच काम ही डबी करते. तिची फीही बेताची: पाच व्होल्ट, तीही टीव्हीच्याच यूएसबीमधून.

डबी बेळगावहून आणवली. ऑप्टिकल वायरीच्या टोकावरची पारदर्शक टोपी काढली, वायर टक्कन बसली, लाल-पांढऱ्या पिना डबीत गेल्या. आवाज? ढिम्म. पुन्हा फणस.

"सेटिंगमध्ये डॉल्बी असेल, पीसीएम करा."

आईने आत सांगितलं, "पीडीओला सांगा म्हणतोय!" पंचायतीच्या अधिकाऱ्याचा यात काय संबंध, हे धाकट्याला कळेना, पण आमच्याकडे कुठलंही काम शेवटी पीडीओपर्यंत जातंच, म्हणून त्याला फारसं नवलही वाटलं नाही. स्वस्तातल्या डबीला डॉल्बी उलगडत नाही, साधं पीसीएमच लागतं. ते केलं आणि सासू अशी कडाडली की पाऊस मागे पडला.

आता टीव्हीला एक रिमोट, बारला दुसरा, डिशला तिसरा. आवाज कमी करायला आई चुकून चॅनेल बदलते आणि दोन मालिकांची कथा एकत्र चालवते. तिला काही फरक जाणवत नाही.

माझं मत एवढंच की कंपन्यांनी आधी टीव्हीतला आवाज काढला, मग आवाज बाहेर न्यायची भोकं काढली, आणि आता दोन्ही वेगळे विकतात. दुकानदार टीव्ही समोरून दाखवतो. तिथे पोपट, धबधबे, सगळं झकासच असतं. तुम्ही मागे जा. गोल भोकं आहेत का, ऑप्टिकल आहे का, एचडीएमआयच्या कुठल्या खाचेवर एआरसी लिहिलंय ते वाचा. एआरसी म्हणजे एचडीएमआयच्याच वायरीने टीव्हीचा आवाज बाहेर न्यायची सोय, 2009 पासूनची. पण ती साउंडबारलाही असावी लागते. म्हणून घरातल्या बारच्या पाठीचा फोटो खिशात ठेवा, दोन्ही पाठी जुळवा आणि मगच पैसे मोजा.