इतिहासाचार्य राजवाडे यांस व्याख्यानाचे निमंत्रण

प्रति,
इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांस,
सा. न. वि. वि.

गावाच्या इतिहासावर आमचे मंडळ दरवर्षी वाईत तीन दिवसांची व्याख्यानमाला भरवते. यंदाचे तिसरे पुष्प आपण गुंफावे, असे कार्यकारिणीने एकमताने ठरवले आहे. पहिले पुष्प 'शिवराय आणि ताणतणाव' या विषयावर असून दुसऱ्या दिवशी एकपात्री विनोदी कार्यक्रम आहे. त्यामुळे इतिहासाचा सगळा भार आपल्यावरच पडतो.

आपण 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यास निवर्तलात, असा मुद्दा एका सभासदाने बैठकीत काढला. परंतु गेल्या वर्षीचे उद्घाटक हयात असूनही आले नव्हते. तेव्हा मुद्दा बहुमताने फेटाळण्यात आला.

वाई आपल्याला नवी नाही. पानिपताच्या काळचे कागद आपल्या हाती लागले ते आमच्याच गावात, आणि त्यांतून 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. पुढे असे बावीस खंड झाले म्हणतात. निवेदिकेला मी 'दोनशे बावीस' असे लिहून दिले आहे, ऐकायला भरीव वाटते. आपण व्यासपीठावरून दुरुस्ती करू नये, मुलगी नवीन आहे.

मानधनाबद्दल थोडे. आपण कागदांच्या शोधात गावोगाव पायी हिंडत असा आणि स्वयंपाक स्वतःच्या हाताने करीत असा, हे वाचून खजिनदारांना भरून आले. प्रवासखर्च आणि भोजन हे दोन्ही रकाने त्यांनी तत्काळ मोकळे सोडले. शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह मात्र मिळेल. स्मृतिचिन्हावर घंटा आहे. मेणवलीच्या घाटावरची, चिमाजी आप्पांनी 1739 साली वसई घेतली तेव्हा आलेली म्हणून सांगतात ती. खाली आमच्या प्रायोजक फरसाणवाल्यांचे नाव घंटेपेक्षा मोठे आले आहे, पण पैसे त्यांचेच आहेत.

वेळ सायंकाळी सहाची. आपण साडेपाचला यावे, आम्ही सात वाजता येतो. दीपप्रज्वलनाला पंधरा मिनिटे धरली आहेत. सभागृह घाटाकडे असल्यामुळे वारा येतो आणि समईच्या पाच वातींपैकी तीन लागेपर्यंत पहिल्या दोन विझतात. मग काडेपेटी शोधावी लागते, कारण ज्याने ती आणलेली असते तो तंबाखू मळायला बाहेर गेलेला असतो. फोटोग्राफर पाहुण्यांना मेणबत्ती धरून वाकलेलेच ठेवतो. मागच्या साली एका माजी सभापतींची पाठ त्यात धरली, ती आभारप्रदर्शनापर्यंत सुटली नाही. त्यानंतर प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय आणि सत्कार. सत्कार एकवीस आहेत. नगरपालिकेची निवडणूक जवळ आली आहे. आपले व्याख्यान आठ पंचविसाला सुरू होईल. आठ पस्तीसला चिठ्ठी येईल, ती मोडीत नसून देवनागरीत असेल. नऊला सभागृह सोडावे लागते, लग्नाचे डेकोरेशनवाले दारात उभे असतात. त्याच कारणाने आपण विवाहसंस्थेच्या इतिहासाचा विषय कृपया काढू नये. त्या लेखनावरून आपल्या काळी किती गहजब झाला होता ते आम्हांस ठाऊक आहे.

विषय निवडीचे आपल्याला पूर्ण स्वातंत्र्य आहे. अफझलखान 1659 साली वाईत तळ देऊन होता, हे जोरात सांगितले की टाळी पडते. पण त्याच्याही आधी तो इथला सुभेदार म्हणून नांदला, हे सांगितले की लोक एकमेकांकडे बघू लागतात. तेव्हा तळ घ्यावा, सुभेदारी सोडावी. ढोल्या गणपतीचे देऊळ रास्त्यांनी 1762 साली बांधले, हे चालेल. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी 'स्वदेस'चे चित्रीकरण झाले होते, हे सांगितलेत तर तरुण वर्गही पुढे सरकेल. आधाराचे कागद आणू नयेत. मागे एक वक्ते प्रत्येक वाक्यानंतर 'याला आधार काय' म्हणून थांबत, त्यामुळे पहिली रांग झोपली.

कागदांचे निघाले म्हणून सांगतो. आमच्या आत्याच्या माळ्यावरही दोन रुमाल होते, लाल फडक्यात बांधलेले, आत मोडी. वाडा पाडून अपार्टमेंट झाली तेव्हा ते खाली काढले. रद्दीवाल्याने घडी उलगडली तर ती मधोमध फाटली, आणि 'याला भाव नाही' म्हणून त्याने परत दिले. आत्या म्हणाली, जुने अक्षर आहे, पायदळी नको. मग हळदकुंकू वाहून आम्ही दोन्ही रुमाल कृष्णेत सोडले. एक लगेच बुडाला. दुसरा बराच वेळ तरंगत होता. आपण असतात तर पाण्यात उतरला असतात, असे मला उगीचच वाटून गेले.

आता मुख्य विनंती. व्यासपीठावर मध्यभागी सोनेरी चौकटीत एक कागद असतो. आमच्या आश्रयदात्यांच्या पूर्वजांना छत्रपती शाहू महाराजांनी दिलेली ती सनद, अशी दरवर्षी घोषणा होते व तिला झेंडूचा हार घातला जातो. गेल्या वर्षी शेवटच्या रांगेतले एक निवृत्त चित्रकला शिक्षक पाय मोकळे करायला पुढे आले. मोडी त्यांना येते. हात पाठीमागे बांधून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी हाराच्या आडून वाचायला सुरुवात केली. वरच्या ओळीत 'इहिदे सबैन मया व अलफ' असे साल होते, म्हणजे अरबी सन 1171, म्हणजे इसवी 1770-71. शाहू महाराज वारले 1749 साली. शिवाय वर शिक्का नाही, खाली मोर्तब नाही. गुरुजी आमच्या स्वयंसेवकाच्या कानात पुटपुटले, "अरे, हा कर्जरोखा आहे. दोन बैल तारण ठेवून पंचाहत्तर रुपये उचललेत." स्वयंसेवकाच्या हातातला माइक चालू होता.

त्यांनी सावकाराचे आडनावही वाचले. त्या आडनावाची चार माणसे सभागृहात होती. एरवी ती पसायदानाला उठून जातात, त्या दिवशी शेवटपर्यंत बसली.

आश्रयदाते मोठ्या मनाचे. त्यांनी देणगी थांबवली नाही, फक्त चौकट दोन हात उंच लावून घेतली आहे. आपली खुर्ची आम्ही तिच्याकडे पाठ येईल अशी मांडली आहे. बोलताना मागे वळू नये. सवयीने वळलातच, तर पाहावे, वाचू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
चिटणीस (सांस्कृतिक विभाग)

ता. क. : गुरुजींना यंदा पत्रिका पाठवलेली नाही, पण ते पत्रिकेविनाच येतात. आपल्याला गाठून ते एवढेच म्हणतील की रोखा फिटल्याची नोंद कागदाच्या पाठीवर करीत, तेव्हा चौकट उघडून बघू या. आपण हो म्हणू नये. स्क्रूड्रायव्हर ते घरून घेऊन येतात.