नुमाईशचे अप्पा

हैदराबादच्या सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा, बरकतपुरा या पट्ट्यात जितकी जुनी मराठी घरं, तितके अप्पा. कुठं त्यांना तात्या म्हणतात, कुठं नाना, पण माणूस तोच. वर्षाचे साडेदहा महिने तो अगदी निरुपद्रवी असतो. सकाळी इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पेपर वाचतो, कोठीच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळतो आणि होती तशी परत ठेवतो, येताना कोथिंबीर आणतो. १ जानेवारीला नामपल्लीच्या मैदानावर नुमाईशचं, म्हणजे दरसालच्या प्रदर्शनाचं, फाटक उघडलं की त्याच्या अंगात येतं, ते १५ फेब्रुवारीला फाटक बंद होईपर्यंत उतरत नाही.

आमच्या अप्पांचंही तसंच. फरक एवढाच, की वर्षभराच्या खरेदीच्या बाबतीत त्यांचं एक धोरण आहे. मार्चमध्ये काकूनं मिक्सरचं भांडं गळतंय म्हणून सांगितलं की अप्पा म्हणतात, "आत्ता नक्को. नुमाईशमध्ये घेऊ, तिथं कंपनीचा माल असतो." जुलैत पलंगपोस विरतात, ऑक्टोबरमध्ये छत्रीची काडी तुटते. सगळ्यांना नुमाईशची तारीख मिळते. मग जानेवारी उजाडतो, अप्पा नुमाईशमध्ये मिक्सरसमोर उभे राहतात, किंमत विचारतात आणि घरच्यांकडं वळून म्हणतात, "हेच आपल्या सुलतान बाजारात निम्म्यात मिळतं." मिक्सर दोन्हीकडं मिळत असल्यामुळं तो कुठंच घेतला जात नाही.

२०२१ साली करोनामुळं नुमाईश भरलीच नाही, तेव्हा अप्पांची मोठी पंचाईत झाली. २०२२ साली ती उघडली आणि लगेच बंद झाली, पुन्हा सुरू झाली ती फेब्रुवारी संपता संपता. तोवर मिक्सरचं झाकण काकू सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं बांधून चालवत होती.

नुमाईशचा कौटुंबिक दिवस अप्पा ठरवतात, तोही नांदेड-परभणीचे पाहुणे आल्यावर. १९५६ साली मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला खरा, पण आमच्या पाहुण्यांनी ती गोष्ट मनावर घेतलेली नाही. जानेवारीत ते पिशव्या रिकाम्या घेऊन काचीगुड्याला उतरतात.

आता सुलतान बाजाराहून नुमाईशला जायचं म्हणजे मेट्रो आहे. सुलतान बाजारला चढायचं, एमजीबीएसला गाडी बदलायची, गांधी भवनला उतरायचं, मैदान समोर. अप्पांना हे पटत नाही. "दोन किलोमीटरला दोन गाड्या? पाय काय भाड्यानं दिलेत?" असं म्हणून ते वरात पायी काढतात. कोठी मागं पडली, जांबागला विवेकवर्धिनीची इमारत आली की शाळा काढणाऱ्या केशवराव कोरटकरांचं नाव घेऊन ते क्षणभर थांबतात. पाहुण्यांनाही थांबावं लागतं. मोअज्जमजाही मार्केट आलं की पोरं आइस्क्रीमच्या दुकानाकडं बघतात आणि अप्पा घुमटाकडं. "१९३५ची बांधणी. दगड बघा, दगड!" आइस्क्रीम परतताना. परतताना दुकानं मिटलेली असतात.

तिकिटाच्या रांगेत इतिहास होतो. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांना संस्थानाची आर्थिक पाहणी करायची होती आणि हाताशी पैसा नव्हता. म्हणून त्यांनी पब्लिक गार्डनमध्ये मुल्की, म्हणजे संस्थानातल्याच, मालाचं प्रदर्शन भरवलं आणि उद्घाटनाला खुद्द निजाम मीर उस्मान अली खान आले. १९४६मध्ये ते नामपल्लीला हललं, पुढची दोन वर्षं संस्थानाच्या धामधुमीत बुडाली, १९४९मध्ये राजगोपालाचारींनी ते पुन्हा उघडलं. अप्पा हे अशा थाटात सांगतात, की परभणीच्या मामींनी एकदा विचारलंच, "तुम्हाला आमंत्रण होतं का हो?" पैसा नसताना बाजार कसा भरवावा ते त्या पोरांनी दाखवलं, पैसा असताना तिथून तसंच कसं परतावं ते आपण दाखवतो, असा अप्पांचा साधारण रोख असतो.

आत शिरल्यावर अप्पा आधी सरकारी स्टॉल घेतात. तिथं गर्दी नसते, पंखा असतो आणि पत्रकं फुकट मिळतात. तुरुंग खात्याच्या स्टॉलवर कैद्यांनी केलेलं सामान असतं. तिथल्या कपाटावर ते दरसाल बोटांनी टकटक करतात आणि "मजबूत!" म्हणून पुढं जातात. पोरं मौत का कुआँसाठी हट्ट धरतात. अप्पा त्यांना कुव्याच्या बाहेर उभं करतात. "आवाज ऐका. आतही हाच येतो." मिर्ची भजी मात्र ते मोकळ्या हातानं खाऊ घालतात, हे कबूल केलं पाहिजे. भजी सुलतान बाजारातही मिळतात, हे त्या वेळी कुणी काढत नाही.

खरी लढाई काश्मिरी शालींच्या गल्लीत. बायका एकदा तिथं शिरल्या की हाका मारून बाहेर निघत नाहीत, हे अप्पांनी फार पूर्वी ओळखलं आणि त्यावर तोडगा काढला. हरवलेल्या मुलांची नावं जिथून माइकवर पुकारतात तिथं ते जातात आणि काकू हरवल्याची वर्दी देतात. सबंध मैदानावर आवाज घुमतो, "सुलतान बाजार से आई हुई फलानी बाई जहाँ भी हों, फौरन ऑफिस के पास आ जाएँ, उनके घरवाले परेशान हैं." नांदेडच्या वहिनी घाबरून उठल्या, तर काकूनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. "बसा हो. माणूस तिथं उभा आहे म्हणजे अर्धा तास तरी इकडं येत नाही." आणि दुकानदाराला म्हणाली, "वो जामुनी वाली खोलो."

काकूचं गणित अप्पांना आजवर कळलेलं नाही. नुमाईशमध्ये एक लेडीज डे असतो, त्या दिवशी पुरुषांना आत सोडत नाहीत. साधारण जानेवारीच्या सुरुवातीलाच, म्हणजे संक्रांतीच्या आधी. हळदीकुंकवाला लुटायचं वाण तेव्हाच घ्यायचं असतं. त्या दिवशी काकू शेजारणींना घेऊन 'गोडबोल्यांकडं भजनाला' जाते आणि येताना रिक्षानं येते. यंदा खुर्ज्याच्या चिनी मातीच्या, झाकणाच्या एवढ्या एवढ्या बरण्या आणल्या होत्या. नग नव्वदला. अप्पांनी विचारलं तर म्हणाली, "बडी चावडीतून आणल्या. साठाला." अप्पांची छाती फुगली. शेवटी आपला बाजार तो आपला बाजार!

आणि मग तो प्रसंग आला. कौटुंबिक दिवशी हिंडता हिंडता अप्पा नेमके त्याच खुर्जावाल्यापाशी थांबले. तशीच बरणी उचलली, बुडाला टिचकी मारली.

"कितने को?"

"सौ रुपये, चाचा."

"सौ? सुलतान बाजार में साठ को मिलरी. मेरे घर में रखी है."

दुकानदाराला राग आला नाही. तो नुसता चक्रावला. बरणी त्याचीच, खूण त्याचीच, त्यानं मान वर केली तर अप्पांच्या मागं काकू. त्याचा चेहरा उजळला. "अरे चाची! आप तो परसों पूरे दो दर्जन..."

आम्ही सगळे बरण्यांकडं बघू लागलो. परभणीच्या मामींनी पदर तोंडाला लावला.

"परसों?" अप्पा वळले.

"अहो, हैदराबादचं परसों ते," काकू म्हणाली, "इथं निजामसुद्धा परसोंच गेला. मागच्या वर्षीचं म्हणत असेल बिचारा. चला, पोरांना टॉय ट्रेनमध्ये बसायचंय." आणि जाता जाता दुकानदाराकडं असं बघितलं, की तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला कपबशा दाखवू लागला.

अप्पा तसे भोळे नाहीत. पण त्यांच्या सिद्धांताला त्या बरण्यांनी पहिल्यांदाच पुरावा दिला होता, आणि पुराव्याच्या मुळाशी जाणं त्यांना परवडणारं नव्हतं.

अप्पा स्वतः काही घेतच नाहीत असं नाही. फाटकाजवळ एक माणूस टेबलावर गाजर-मुळ्याचे डोंगर रचून एकाच यंत्रानं कीस, चकत्या, नागमोडी काप आणि शेवटी गाजराचं फूल करून दाखवतो. तिथं अप्पांचा विरोध गळून पडतो. ते पहिल्या रांगेत जातात, पात्याची जाडी विचारतात, मुळा स्वतः फिरवून बघतात. "ही चीज आपल्याकडं मिळत नाही," असं हलक्या आवाजात म्हणून खिशात हात घालतात. माळ्यावर अशी यंत्रं ओळीनं लागली आहेत. काकू विळीवर चिरते.

यंदा रात्री परतताना, पाय ओढत सुलतान बाजारात शिरलो, तर दुकानं बंद आणि एकच हातगाडी उभी. गाडीवर तेच यंत्र, तोच डबा. नांदेडच्या भावजींनी सहज किंमत विचारली. निम्मी होती. सगळ्यांच्या माना अप्पांकडं वळल्या. अप्पांनी डबा काखेत आणखी आत सरकवला आणि गाडीवाल्याला दटावलं, "इत्ता महंगा कायकू बोलरा? नुमाइश में सस्ता है!"

रथसप्तमीच्या आत काकूचं हळदीकुंकू झालं. बायका बरण्यांची झाकणं उघडून बघत होत्या. बरकतपुऱ्याच्या एका वहिनींनी विचारलं, "कित्ती गोड! कुठून आणल्या हो?" काकू तिळगूळ वाटत होती, तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. ओसरीवरच्या खुर्चीतून उत्तर आलं.

"आपल्या बडी चावडीतून! साठाला. तिकडं नुमाईशमध्ये शंभर सांगतात, मी स्वतः जाऊन विचारून आलोय."

लेडीज डेला काकूबरोबर गेलेल्या चौघीजणी एकदम हळदीकुंकवाच्या करंड्यावर वाकल्या. वहिनी म्हणाल्या, "मग उद्या मलाही घेऊन चला की अप्पा, दुकान दाखवा."

"उद्या कशाला, आत्ता चला," अप्पा चपला शोधू लागले.