घरातलं ते फुकट

जुनी गळाची काठी तीनशे रुपयांत नव्यासारखी करून दाखवीन, असं मी जेवता जेवता बोलून गेलो. समोर सौभाग्यवती होती. ती बँकेतून निवृत्त झाली आहे. बँकेतल्या माणसासमोर आकडा उच्चारू नये. उच्चारला की तो कुठंतरी लिहिला जातो.

काठी मामांची. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत ज्यांचा मामा आखातात, त्यांची कॉलर ताठ असायची. आमचे मामा कुवेतला होते. सुट्टीवर येताना ते टेपरेकॉर्डर, ब्लँकेट, अत्तराच्या बाटल्या असं काय काय आणत. एका खेपेला ही काठी आणली. भरीव फायबरग्लासची, दोन तुकडे सांध्यात बसवायचे, लांबी सात फूट. फायबरग्लासच्या आधी गळाच्या काठ्या बहुतकरून बांबूच्या असत, आणि शौकिनांच्या काठ्या टॉनकिन बांबूच्या सहा पट्ट्या तासून, चिकटवून बनत. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, सत्तरच्या दशकात कार्बन आलं. म्हणजे आमची काठी मधल्या राजवटीतली. मामांच्या पश्चात तिला झाडू बांधून घरातली जळमटं काढली गेली. त्यात कपाटाच्या दारात सापडून शेंड्याचा वीतभर तुकडा गेला, आणि दोरा ओवायच्या रिंगा एकेक करून कुठं गेल्या ते कोणालाच आठवत नाही.

दुकानात नवी काठी दीड-दोन हजारांत सहज मिळते. पण मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. ज्याला लांबी, व्यास आणि कोन कळतात, त्यानं काठी विकत घेणं बरं दिसत नाही.

खर्चाच्या बाबतीत माझं तत्त्व सोपं होतं. बाजारातून आणलं तो खर्च. घरातलं ते फुकट. या हिशेबानं इपॉक्सीच्या दोन ट्यूबा, पॉलिश पेपर आणि तंगुसाचं एक बंडल, एवढंच आणायचं होतं. बाकी सगळं घर माझंच होतं.

आधी काठी घासायची. फायबरग्लास घासताना पॉलिश पेपर ओला ठेवावा, कारण सुकी घासली की काचेच्या तंतूंची बारीक धूळ उडते आणि कातडीत रुतते. हे मला माहीत होतं. पण गच्चीवरच्या नळाला पाणी नव्हतं आणि वारा सुंदर सुटला होता, त्यामुळे धूळ आपोआप उडून जाईल असा अंदाज बांधला. अंदाज बरोबर आला. धूळ उडाली आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसली. त्यानंतर आमच्या घरातली सगळी माणसं काही काळ एकमेकांशी खाजवत खाजवत बोलत होती. धाकट्या नातवाला डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा त्यांनी घरात नवीन काय आलं असं विचारलं. मी खरं ते सांगितलं: नवीन काहीही आलेलं नाही.

आता रिंगा. हा भाग माझा आवडता, कारण यात भूमिती आहे. स्पिनिंग रिळावरून दोरा सरळ सुटत नाही, वेटोळी घेत सुटतो. म्हणून रिळाजवळची पहिली रिंग मोठी लागते, मग पुढे क्रमाक्रमानं लहान. वेटोळी आवळत आवळत दोरा शेंड्याकडे जातो. काठी जितके फूट, तितक्या रिंगा, शिवाय शेंड्याला एक, असा ढोबळ नियम आहे. शेंडा तुटल्यामुळे काठी साडेसहा फुटांची उरली होती. साडेसहाचे सात धरले. मुलांना आयुष्यभर हेच शिकवलं.

चांगल्या रिंगेच्या आत गुळगुळीत सिरॅमिक असतं, म्हणजे धावणारा दोरा कापत नाही. तसल्या रिंगा सातही आणायच्या तर बजेटचं कंबरडं मोडलं असतं. घरात शोध घेतला. पहिल्या मोठ्या रिंगेसाठी दिवाणखान्याच्या पडद्याची एक कडी मिळाली. पडदा एका कोपऱ्यातून किंचित लोंबला, पण उजेड वाढला. उरलेल्या सहा रिंगांना सेफ्टी पिना. पिनेच्या शेपटाला तारेचं छोटंसं गोल वेटोळं असतंच. टोक तोडून पाय सरळ केले की झाली रिंग. सौ.च्या कपाटात एका डबीत लहान-मोठ्या चढत्या क्रमानं लावलेल्या पिना होत्या. जणू काठीसाठीच.

त्या साडीच्या पिना होत्या, हे पुतणीच्या लग्नात कळलं. सौ. नवी पैठणी नेसली होती आणि पूर्ण लग्नभर डाव्या हातानं पदर धरून उभी होती. जेवणाच्या पंगतीत वाढपी आला की ती उजव्या हातानं वाटी पुढे करायची आणि डोळ्यांनी मला शोधायची. मी वरपक्षाच्या बाजूला जाऊन बसलो होतो. तिकडे जिलबी गरम होती.

रिंगा काठीवर दोऱ्यानं आवळून बांधतात आणि वरून इपॉक्सी चढवतात. शिवणयंत्राच्या खणातून लालभडक रीळ घेतलं. दोरा इपॉक्सी प्याला की रंग गडद होतो, म्हणून लाल बांधलेलं शेवटी वाळलेल्या कोकमासारखं दिसू लागलं. तेही वाईट नव्हतं. खरी पंचाईत पुढे होती. इपॉक्सी घट्ट व्हायला तासन् तास लागतात आणि तोवर ते खाली ओघळतं. त्यामुळे कारागीर लोक काठी आडवी ठेवून मोटरवर संथ फिरवत ठेवतात. अशी मोटर विकत मिळते. पण मिनिटाला पाच-सहा फेरे घेणारी, आवाज न करणारी, थकवा न येणारी मोटर आमच्या स्वयंपाकघरात आधीच होती. मायक्रोवेव्हच्या ताटाखाली.

इथं मी सावध होतो, याची नोंद व्हावी. मायक्रोवेव्हच्या पोटात कपॅसिटर असतो, आणि बटण बंद करून प्लग काढला तरी तो जीवघेणी वीज धरून बसू शकतो. म्हणून मी वरचं झाकण उघडलंच नाही. आमच्या मायक्रोवेव्हला तळाला ताटाच्या मोटरसाठी वेगळी लहान पट्टी आहे, तेवढीच काढली. मोटर बाहेर आली, सायकलच्या जुन्या मुठीत काठीचा बुंधा बसवला, मूठ मोटरला जोडली, दुसरं टोक दोन जाड शब्दकोशांवर टेकवलं. काठी फिरू लागली. मी खुर्ची ओढून समोर बसलो. इतकं समाधान मला निवृत्तीच्या समारंभातही वाटलं नव्हतं.

मग वीज गेली.

ती आली तेव्हा इपॉक्सीनं आपला निर्णय घेतलेला होता. प्रत्येक रिंगेखाली एकेक टपोरा, पारदर्शक थेंब लोंबत घट्ट झाला होता. आणि काठी आता उलट दिशेनं फिरत होती.

शेंड्याची टोपी मात्र शास्त्रोक्त बसवली. ती गरम गोंदानंच बसवतात, म्हणजे पुढेमागे बदलायची झाली तर तापवून काढता येते. ग्लू गन नातवाच्या प्रोजेक्टची. फुकट.

भाट्याला, काजळी नदी समुद्राला मिळते त्या अंगाला, भरती लागली की गरवणारे येऊन बसतात. शेंगाळा, तांबोशी, नशीब जोरावर असेल तर जिताडा. मी मे महिन्याच्या टळटळीत उन्हात काठी स्कूटरला बांधून गेलो. तिथं एक म्हातारे चाचा पाण्याच्या रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळून बसले होते. त्यांनी काठी हातात घेतली, थेंबांवरून बोट फिरवलं आणि अदबीनं विचारलं, "सर, मणी कशाला लावलेत?"

"वजनाचा तोल," मी म्हणालो.

गरीला कोळंबी लावली, शिसं बांधलं, दोन्ही हातांनी काठी मागे नेली आणि फेकली. फेक अप्रतिम गेली. इतकी लांब, की चाचाही उठून उभे राहिले. शिशाच्या मागोमाग काहीतरी चमकत गेलं. उन्हानं गोंद मऊ झाला होता आणि शेंड्याची टोपी तंगुसावरून घसरत खाडीच्या दिशेनं निघाली होती. तंगूस तिच्यात ओवलेला असल्यामुळे ती हरवायची भीती नव्हती. उलट अर्धवट मोडका शेंडा हलका झाल्यामुळे काठीला जास्त लवचिकता आली, असं माझं निरीक्षण आहे.

आणि ओढ लागली! रीळ करकरलं, तंगूस पिनांच्या तारेत रुतत खरखरला, चाचा "सावकाश, सर, सावकाश" म्हणाले. मी सावकाश ओढलं. आधी टोपी आली, तिच्यामागे एक केंड. किनाऱ्यावर येताच त्यानं अंगात हवा भरली आणि टम्म फुगून माझ्याकडे पाहत दात खाल्ले. केंडाच्या काळजात आणि गाबोळीत जालीम विष असतं. आपल्याकडे त्याला मांजरही विचारत नाही. चाचांनी गरी सोडवून त्याला पायानं पाण्यात लोटलं आणि पुन्हा आपल्या बाटलीकडे वळले. त्यांनाही त्या दिवशी काही लागलं नाही, हे इथं सांगणं मला आवश्यक वाटतं.

घरी आल्यावर कागद तयार होता. मोटर, पिना, कडी, रीळ, मूठ, डॉक्टरांची फी, ओळीनं. मी तत्त्व सांगितलं. सौ.नं ते शांतपणे ऐकून घेतलं. फक्त मायक्रोवेव्ह "तेव्हापासून" कधी उजवीकडून तर कधी डावीकडून का फिरतो, एवढंच विचारलं. या मोटरा तशाच असतात, सुरू होताना मिळेल ती दिशा घेतात, तो पहिल्यापासूनच तसा फिरतोय, हे मी पंखा बंद करून, आकृती काढून समजावलं. या संबंध प्रकरणात मी बोललेलं हे सर्वांत खरं वाक्य होतं आणि घरात एकानंही त्यावर विश्वास ठेवला नाही.

"काठी आता घरातली ना?" ती म्हणाली.

"अर्थात."

"मग फुकट."

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्याचा पडदा त्या काठीवर ओवलेला होता. खिडकी सहा फुटांची. काठी तंतोतंत बसली. थेंबांवर सकाळचं ऊन पडलं की भिंतीवर रंग सांडतात. समोरच्या वहिनींनी ते पाहिलं आणि त्यांना त्यांच्या बेडरूमसाठी तशीच एक हवी आहे. सौ.नं परस्पर ऑर्डर घेऊन टाकली. मीही नाही म्हटलेलं नाही. फक्त त्यांच्याकडे मायक्रोवेव्ह कोणत्या कंपनीचा आहे, ते विचारून ठेवलं आहे.