सरकारमान्य घरजावई

केंब्रिजला लेकीच्या घरी माणसं पाच आणि व्हिसे तीन तऱ्हांचे. लेक स्टुडंट, जावई आणि नातू तिचे डिपेंडंट, आम्ही दोघं व्हिजिटर. आपल्याकडे घरजावयाला लोक नावं ठेवतात. इथे ब्रिटिश सरकारनेच आमच्या जावयाला बायकोच्या पदरी बांधलंय. गंमत म्हणजे पीएचडी करणाऱ्या लेकीला टर्म चालू असताना आठवड्याला २० तासांपलीकडे नोकरी करता येत नाही, जावयाला मात्र पूर्ण वेळ मुभा. कागदावर जो पोसला जातो, तोच घरभाडं भरतो! बरं, लेक संशोधनाविना नुसती मास्टर्स करायला आली असती, तर जानेवारी २०२४ पासूनच्या नियमाने जावईबापू पुण्यातच डबा लावून बसले असते.

आमच्या अर्जात प्रवासाचं कारण म्हणून हिला ‘नातू सांभाळणे’ लिहायचं होतं. जावई फोनवरून ओरडला, “आई, थांबा! व्हिजिटरला नोकरी चालत नाही. आजी म्हणून थोडे दिवस सांभाळा, दाई म्हणून नाही.”

“एवढी वर्षं यांच्या घरी राबले, पगार कुणी दिला? तिथे कोण देणारे?”

रँग्लर परांजप्यांना यातलं काही नडलं नाही. बोटीने आले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. जयंत नारळीकर १९५७ साली आले, तेव्हाही राष्ट्रकुलातल्या माणसाला दार उघडं होतं. कडी लागली ती १९६२च्या कायद्याने.

केंब्रिजला मात्र वर्गवारीची सवय जुनी. इथल्या बहुतेक कॉलेजांत हिरवळीवर पाय ठेवायचा मान फक्त फेलोंचा. इतरांनी कडेकडेने जायचं. फेलोसोबत असेल, तर पाहुण्यालाही चालतं.

“म्हणजे गवताचाही डिपेंडंट व्हिसा!” मी म्हणालो.

व्हिजिटरला एका वेळी सहा महिने. उद्या लेक इथे कायमची स्थायिक झाली, तर आपल्याला कायमचं राहता येईल का, असं हिने रात्री पोळ्या लाटता लाटता विचारलं. जावयाने नियम सांगितला: आईबापांसाठी वर्ग आहे, पण वयाने किंवा आजाराने अंघोळ, कपडे, स्वयंपाक स्वतःचा स्वतःला जमेनासा व्हायला हवा, आणि मायदेशी त्याची सोय होण्यासारखी नको.

हिने फुगलेली पोळी तव्यावरून उतरवली आणि त्याच्या ताटात वाढली.

“मग काढा माझं परतीचं तिकीट.”