भित्तिपत्रकाचे सर

कुठल्याही मराठी माध्यमिक शाळेत शिरा. जिना जिथं वळतो तिथं काचेची दारं असलेलं एक उथळ कपाट भिंतीला ठोकलेलं असतं. आत कार्डशीटवर डकवलेले कागद आणि वर थर्माकोलच्या अक्षरांत ‘अंकुर’, ‘उन्मेष’ नाहीतर ‘झेप’. (भित्तिपत्रकाला चौथं नाव ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) कुलूप गंजलेलं असतं आणि त्याची किल्ली अख्ख्या शाळेत एकाच माणसाच्या खिशात असते.

तो माणूस म्हणजे वाङ्मय मंडळाचे सर. शिकवतात मराठी, अधूनमधून इतिहास, आणि पीटीचे सर रजेवर गेले की कवायतसुद्धा. पण पिंड संपादकाचा. शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं हजेरीसाठी, लाल मानवजातीसाठी. मुलांच्या वह्या तर सोडाच, बँकेतली सूचना, एसटीतला फलक, देवळातली देणगीदारांची यादी, सगळीकडे त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो. शुद्धलेखनाचे १९६२ सालचे चौदा नियम आणि १९७२ साली जोडलेले चार त्यांना क्रमांकासकट पाठ आहेत. स्वतःच्या मुलीचा मोबाइल नंबर मात्र वहीत बघावा लागतो.

पावसाळा सुरू झाला की ते वर्गावर्गांत जाऊन सांगतात, “स्वरचित हवं बरं का! स्वरचित!” पुढच्या आठवड्यात टेबलावर गठ्ठा येतो. निम्म्या कविता पावसावर, त्यातल्या निम्म्यांत ‘गार’ला ‘फार’ जुळवलेलं. शिवाय त्याच किल्ल्याच्या सहलीचं वर्णन, आजीचे घरगुती उपाय, आणि उत्तर उलट्या अक्षरांत लिहिलेली कोडी. एकदा एकानं चौथीच्या पुस्तकातली कविताच स्वतःच्या नावानं दिली होती. सर रागावले नाहीत. म्हणाले, “कविता उत्तम आहे. तुझ्याआधी दुसऱ्यानं लिहिली, एवढाच दोष.”

निवडलेलं सगळं साहित्य नववी ‘ब’मधली एक मुलगी लिहून काढते, कारण तिचं अक्षर मोत्यासारखं. चित्रकलेच्या तासाला तिला कायमची सुट्टी. त्यामुळे कवी असो, गणितज्ञ असो की मुख्याध्यापकांचं ‘मनोगत’ असो, सगळे एकाच हस्ताक्षरात भेटतात. तिला गोवर आला त्या वर्षी दिवाळी अंक थेट संक्रांतीला निघाला.

चौदा सप्टेंबर जवळ आला की सरांची झोप उडते. हिंदी दिवसाच्या निमित्तानं हिंदीच्या बाई ते कपाट पंधरा दिवसांसाठी मागतात. सर किल्ली देतात, पण महत्त्वाचा प्रांत तहात सोडल्यासारखी. आणि सोळाव्या दिवशी मधल्या सुट्टीत टाचण्या काढायला स्वतः हजर.

त्यांचा खरा सण सहा जानेवारीला. पत्रकार दिन. तालुक्याच्या वार्ताहराला पाहुणा बोलावतात आणि त्याला पाचच मिनिटं देतात, कारण उरलेला वेळ बाळशास्त्री जांभेकरांचा. “पोंभुर्ल्याचा हा मुलगा मुंबईला येतो काय, ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढतो काय! शेजारीशेजारी मराठी आणि इंग्रजी! वय काय? विशीच्या आसपास!” एवढं म्हणून बोट मागच्या बाकाकडे. “आणि तुम्ही? नखं खाताय.” भाषण दर वर्षी तेच, बोटही तेच, आणि कसं कोण जाणे, नखं खाणारा एक जण दर वर्षी तिथंच बसलेला असतो.

दहावीला उपयोजित लेखनात बातमी येते, म्हणून काही पोरं केवळ मार्कांसाठी मंडळात येतात. सर त्यांना कोण, काय, कुठे, कधी, का, कसे हे सहा प्रश्न घोकून घेतात. तरी पोरं लिहितात, “वृक्षारोपण मोठ्या उत्साहात संपन्न झाले.” सर कळवळतात. “अरे बाळा, संपन्न माणूस असतो. कार्यक्रम पार पडतो!”

अशात आठवीतल्या एका पोरानं खरीच बातमी आणली. ‘मुलांच्या नळाला आठ दिवस पाणि नाही.’ सरांनी लाल पेन काढलं, ‘पाणि’चं ‘पाणी’ केलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, “नळ सोडून पाहिलास?” पाहिला होता. “शिपाईमामांना विचारलंस?” नव्हतं विचारलं. तो परत गेला. पंप जळाल्याचं मामांच्या तोंडून लिहून आणलं. “बिघाड कळवल्याची तारीख?” पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला बातमी कपाटात लागली, खालच्या कोपऱ्यात, कोड्याच्या शेजारी. सगळे कोडी वाचतात, हे सरांना माहीत होतं.

मुख्याध्यापकांनी बोलावलं. “हे काय लावलंत?” सर त्यांना घेऊन जिन्यापाशी आले, काचेला नाक लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि गंभीरपणे म्हणाले, “दोनदा तपासलं, सर. एकही चूक नाही.” यावर रागवावं की आभार मानावेत, हे मुख्याध्यापकांना ठरवता येईना. कागद काही खाली उतरला नाही. पंप पुढं दहा दिवसांनी दुरुस्त झाला, आणि त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची तपासणीच कारण झाली असावी. याला धैर्य म्हणायचं का, असं कुणी सरांना विचारलं असतं, तर त्यांनी आधी ‘धैर्य’वरचा रफार नीट द्यायला सांगितलं असतं.

सर आता निवृत्त आहेत. गावातला छापखानेवाला लग्नपत्रिका छापण्याआधी म्हणतो, “सरांकडून बघून आणा.” शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ते फारसं बोलत नाहीत, कुणी ‘परंतू’ लिहिलं की खाली नुसतं ‘परंतु’ उगवतं.

परवा चौकात नवा फ्लेक्स लागला होता. ‘वाढदिवसाच्या हार्दीक शुभेच्छ्या.’ सरांनी स्कूटर थांबवली, खालचा नंबर टिपून घेतला आणि घरी येऊन फोन लावला. पलीकडून आवाज आला, “सर, मीच! नळाच्या बातमीवाला!” तो आता नगरसेवक आहे. सर खूश झाले आणि लगेच मुद्द्यावर आले. पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी, ‘शुभेच्छा’तला फाजील ‘य’, सगळं यथासांग. स्वयंपाकघराच्या दारातून काकू रिकामा हंडा उचलून उचलून दाखवत होत्या. गल्लीत तीन दिवस पाणी नव्हतं.

फोन ठेवल्यावर काकूंनी विचारलं, “अहो, पाण्याचं काही बोललात का?”

“आधी फ्लेक्स तर बदलू दे,” सर म्हणाले.